काजूच्या बागेची खातेफोड करण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा-चंदगडच्या तांबड्या माळांवर आणि भुदरगड-गडहिंग्लजच्या डोंगरकडेच्या रानांत काजूच्या बऱ्याच बागा १९९० नंतरच्या आहेत. त्या सुमारास राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि ज्या वरकस जमिनीत नाचणी-वरीपलीकडे फारसे काही येत नव्हते तिथे खड्डे निघाले. ती झाडे आता तीस-पस्तीस वर्षांची झाली. काजूचे झाड त्याहून जास्त जगते, पण परवडेल असे पीक देण्याचे त्याचे वय साधारण एवढेच. ज्यांनी ते खड्डे मारले ते शेतकरीही आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यामुळे बाग नवी करणे आणि बाग मुलांच्या नावावर करणे ही दोन्ही कामे घरोघर एकदमच पुढ्यात आली आहेत.

बहुतेक घरांत आधी वाटणी, म्हणजे खातेफोड, होते. नवी लागवड ज्याची त्याने करायची असे ठरते आणि ती होतच नाही. आमचे म्हणणे असे, की हा क्रम उलटा करावा. वाटणीआधी नूतनीकरण सुरू करावे, निदान त्याचा आराखडा सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांनी पक्का करावा, आणि जमेल तिथे झाडे न वाटता उत्पन्न वाटावे.

वाटणीत प्रत्यक्ष काय होते ते पाहा. प्रत्येकाला पाणंदीकडची बाजू हवी असते आणि खालच्या अंगाची खोल मातीही हवी असते. म्हणून उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या पडतात. दोन एकर बाग चार भावांत गेली की एकेकाला वीस गुंठे येतात. रानाची लांबी शंभर मीटर धरली तर पट्टीची रुंदी वीस मीटर भरते. पूर्ण वाढलेल्या काजूचा घेर सात-आठ मीटर असतो. म्हणजे एका पट्टीत जेमतेम तीन ओळी बसतात आणि त्यांतल्या दोन बांधाला चिकटून असतात. काजूबी झाडावरून तोडायची नसते, पिकून खाली पडलेली वेचायची असते. बांधावरच्या झाडाची बी अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडते आणि पहाटे जो आधी येईल तो वेचतो. भांडणाचे मूळ बहुतेक ठिकाणी इथेच सापडेल. मग बांधावरचे झाड तोडून टाकण्याचा निर्णय होतो. दोन ओळी गेल्या की पट्टीत उरते एक.

फवारणी एकत्र न झाल्याचे नुकसान याहून मोठे, पण ते डोळ्यांना लगेच दिसत नाही. काजूवरचा ढेकण्या हा किडा कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषतो. टोचलेली जागा काळी पडते आणि मोहोर आगीची झळ लागल्यासारखा वाळतो. पुष्कळ जण याला धुक्याचा परिणाम समजतात. धुके आणि ढगाळ हवा त्यात भर घालतात हे खरे, पण मोहोराच्या दांड्यावर लांबट काळे डाग आणि त्यांतून सुटलेला चिकट द्रव दिसला तर ते काम ढेकण्याचे. नवी पालवी फुटताना, मोहोर बाहेर पडताना आणि बी धरताना अशा तीन फवारण्या वेळेवर झाल्या तर तो आटोक्यात राहतो. लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के हे औषध दहा लिटर पाण्याला ६ मिलीप्रमाणे वापरतात. तिन्ही वेळा तेच औषध मारू नये आणि मोहोरावर मधमाश्या काम करत असतील त्या वेळी पंप उचलू नये, कारण काजूची फळधारणा मधमाश्यांसारख्या कीटकांवरच अवलंबून असते. मुख्य अडचण अशी, की ढेकण्या उडतो. चार पट्ट्यांपैकी एक भाऊ पुण्या-मुंबईला असेल आणि त्याची पट्टी फवारली गेली नाही, तर बाकी तिघांचा खर्च थोड्याच दिवसांत पाण्यात जातो. ढेकण्याच्या दृष्टीने ती बाग एकच असते, सातबारा कितीही जणांचा असो.

तिसरी गोष्ट सरकारी मदतीची. राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणाबाहेरच्या शेतकऱ्याला किमान ०.२० हेक्टर, म्हणजे वीस गुंठे, क्षेत्र लागते. कोकणात ही अट ०.१० हेक्टर आहे. आपली रानेही जांभ्याची, पाऊसही कोकणासारखाच, पण जिल्हा कोल्हापूर असल्याने आपल्याला वीस गुंठ्यांची अट. पट्टी अठरा गुंठ्यांची पडली की तो हिस्सेदार योजनेबाहेर जातो. सामाईक खाते असेल तर बाकीच्यांच्या संमतीपत्रावर काम होते.

आता नूतनीकरणाची रीत. पहिले वर्ष कुऱ्हाड लावायची नाही, मोजायचे. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर छातीइतक्या उंचीवर तेलरंगाने क्रमांक घालावा आणि एक जाड वही करावी. एका पानावर एक झाड : कलम की रोप, जात माहीत असेल तर जात, मोहोर केव्हा आला, रोठा (खोडकिडा) लागला आहे का, आणि बी किती निघाली. प्रत्येक झाडाची बी रोज वेगळी तोलणे मजुरीला परवडत नाही. भर हंगामातले दोन आठवडे निवडून तेवढ्यात तोलले तरी कोणते झाड कामाचे हे कळते. शिवाय प्रत्येक झाडाची एक किलो बी मोजून पाहावी. वेंगुर्ला-४ या सुधारित जातीची बी सरासरी ७.७ ग्रॅमची, म्हणजे किलोला सुमारे १३०. वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमच्या आसपास, किलोला १००. गावठी रोपाची बी किलोला दोनशेच्या वर गेली तर त्या झाडाला खत घालून फारसे काही हाती लागणार नाही. बारीक बियांचा गर बारीक आणि त्याला दरही बारीक. बाजारात डब्ल्यू-३२० म्हणतात तो गर पौंडाला ३०० ते ३२० बसतो, डब्ल्यू-२१० त्याहून मोठा. कारखानदार बी घेतो तेव्हा मनात हाच हिशेब करत असतो. चांगल्या झाडांची मोठी बी गावठी बीत मिसळून एकाच पोत्यात भरली की सगळ्या पोत्याला खालचा दर लागतो. बाग नवी होईपर्यंत निदान पोती तरी वेगळी ठेवावीत.

मूठभर बी बादलीभर पाण्यात टाकून पाहावी. तरंगणारी बी पोचट. एखाद्या झाडाची बी दरवर्षी मोठ्या प्रमाणात तरंगत असेल तर ते झाड पहिल्या यादीत घालावे.

वही तयार झाली की बागेचे पाच भाग पाडावेत आणि तीन-तीन वर्षांच्या अंतराने एकेक भाग नवा करावा. चांगले कलम तिसऱ्या वर्षापासून थोडे पीक देते, सहाव्या-सातव्या वर्षी खर्च भागवून वर उरते आणि पूर्ण उत्पन्नाला आठ ते दहा वर्षे लागतात. म्हणजे तिसरा भाग तोडायची वेळ येते तेव्हा पहिला भाग सहा वर्षांचा होऊन हाताशी आलेला असतो. पहिल्यांदा सर्वांत कमी पीक देणारा भाग घेतला तर सगळ्यात ओढीच्या वर्षीही साधारण तीन पंचमांश उत्पन्न चालू राहते. दोन वर्षांचे अंतर ठेवले तर घाईत निम्म्याहून जास्त बाग एकाच वेळी बिनपिकाची होते आणि घर कर्जात जाते. सगळी बाग एकदम तोडणाऱ्यांचे हाल तर सांगायलाच नकोत. पाच वर्षे काही उत्पन्न नाही म्हटल्यावर त्या रानात ऊस येतो किंवा ते रान विकले जाते.

या पद्धतीचा खरा फायदा पुढच्या पिढीला मिळतो. १९९० नंतर सगळे एकदम लावले म्हणून सगळे एकदम म्हातारे झाले. पाच टप्प्यांत लावलेली बाग मुलांच्या हाती जाते तेव्हा तिच्यात दोन वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची झाडे असतात आणि पुन्हा कधीच सगळी बाग एकाच वर्षी थकत नाही.

इथे एक पेच येतो. कमजोर झाडे बागभर विखुरलेली असतात आणि मन म्हणते, तेवढीच काढून तिथे कलम लावू. तसे करू नये. काजूला मोहोर येतो तो उन्हातल्या फांद्यांच्या टोकांना. दोन जुन्या झाडांच्या सावलीत लावलेले कलम उन्हाच्या शोधात वर पळते, खोड बारीक राहते, फांद्या कमी फुटतात आणि सात-आठ वर्षांनीही मोहोर नावाला येतो. शिवाय जुन्या झाडांवरचा ढेकण्या त्याच्या कोवळ्या पालवीवर सतत बसतो. म्हणून ज्या भागात कमजोर झाडे जास्त आहेत तो सलग भाग मोकळा करावा, त्यात दोन-चार चांगली झाडे गेली तरी चालतील. एकटे-दुकटे झाड मेले असेल आणि शेजारी दाटी असेल तर ती जागा रिकामी ठेवणे बरे. शेजारच्या झाडांना ऊन मिळते आणि त्यांचे पीक वाढते.

तोडलेल्या झाडाचा बुंधा जमिनीत ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. काजूचा रोठा बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी सालीखाली पोखरत मुळांत उतरते आणि तिथेच कोष करते. मेलेल्या किंवा तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून बाहेर पडणारे भुंगे शेजारच्या झाडांवर जातात. जेसीबी बागेत जाऊ शकत असेल तर मोठ्या मुळ्यांसह बुंधा उपटावा, जात नसेल तर पहार-कुदळीने मुळे उघडी करून तोडावी आणि ते सगळे बागेबाहेर नेऊन जाळावे. सरपण म्हणून घराच्या कडेला रचून ठेवलेल्या ओंडक्यांतूनही भुंगे निघतात. पावसाआधी ते जाळून संपवावेत. उरलेल्या झाडांच्या बुंध्याशी दर पंधरवड्याला वाकून बघायला हवे. सालीवर बारीक भोके, त्यांतून डिंक आणि भुसा येत असेल तर रोठा आत आहे. त्या वेळी पटाशीने साल उघडून आकडा केलेल्या तारेने अळी काढता येते, आणि जखम शिफारशीच्या कीटकनाशकाच्या द्रावणाने धुवून घ्यावी. पाने पिवळी पडून गळू लागली की झाड वाचणे अवघड. बुंध्याच्या घेराची निम्म्याहून जास्त साल आतून खाल्लेली दिसली तर आशा सोडून ते काढावे.

बागेत जांभूळ, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडे असतील तर ती १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. त्यांना परवानगीशिवाय हात लावू नये.

जुनी झाडे मुळासकट काढण्यापेक्षा तोडून त्यांच्या फुटव्यांवर कलम बांधावे, असा सल्लाही दिला जातो. त्याची रीत अशी : हिवाळ्यात झाड जमिनीपासून पाऊण मीटरवर करवतीने कापायचे, कापल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट लावायची (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी), महिना-दीड महिन्यात फुटवे येतात त्यांतले दहा-पंधरा जोमदार राखायचे, आणि ते पन्नास-साठ दिवसांचे झाले की चांगल्या जातीच्या काडीने मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावर काडी बसवून बांधलेले कलम) करायचे. त्यांतली सहा-सात जगली तरी झाड उभे राहते. मूळ जुने आणि खोल असल्याने वाढ झपाट्याने होते आणि दुसऱ्या वर्षापासून पीक दिसते. दहा ते वीस वर्षांच्या, खोड निरोगी असलेल्या गावठी झाडांना हा उपाय चांगला. तिशी उलटलेल्या झाडांवर मात्र आम्ही तो सुचवणार नाही. कापल्यामुळे झाड अशक्त होते, सालीला ऊन लागून भेगा पडतात आणि रोठ्याला आयतेच घर मिळते. दोन-तीन वर्षे कौतुक होऊन चौथ्या वर्षी उभे झाड वाळलेले पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळेल.

नवा खड्डा जुन्या बुंध्याच्या जागी काढू नये. जुनी लागवड सात बाय सात मीटरवर असेल तर दोन्ही दिशांनी साडेतीन मीटर सरकून, चार जुन्या झाडांच्या मधोमध खड्डा घ्यावा. एकरी झाडे तेवढीच, ऐंशीच्या आसपास, बसतात. मातीचे रान असेल तर दोन फूट लांब, रुंद, खोल पुरे. जांभा वर आला असेल तर मीटरभर खोदल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण वरच्या फूटभर मातीत वाढलेले झाड पाचव्या-सहाव्या वर्षी फेब्रुवारीतच पाने टाकते. खड्डे एप्रिल-मे मध्ये काढून उन्हात तापू द्यावेत. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि एक किलो सुपर फॉस्फेट घालावे. अर्धकच्च्या शेणखताने वाळवी येते. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावावे. कलमाचा सांधा जमिनीच्या दोन बोटे वर राहिला पाहिजे. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहून गेली तर ती खोडात रुतते आणि दुसऱ्या वर्षीच्या वाऱ्यात झाड तिथेच मोडते. सांध्याखाली फुटणारे धुमारे दर महिन्याला खुडावे लागतात. ते वाढले तर वर्षभरात गावठी काजू राहतो आणि कलम मरते, आणि मालकाला ते चार वर्षांनी बी बारीक आल्यावर कळते. पहिली दोन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा. मीटरभर उंचीपर्यंतच्या फांद्या हळूहळू काढाव्यात म्हणजे खाली वेचणी आणि बुंध्याची तपासणी सोपी जाते.

चौथ्या वर्षापासून पुढे दर झाडाला दरवर्षी चार घमेली शेणखत, २.२ किलो युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश ही कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पहिल्या वर्षी त्याचा चौथा हिस्सा, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी पाऊण. आपल्याकडे जुलैत पडणाऱ्या पावसात हे खत वाहून जाते, म्हणून जोर ओसरल्यावर ऑगस्टमध्ये द्यावे. उताराच्या रानात झाडाभोवती पूर्ण चर न काढता वरच्या अंगाला, फांद्यांच्या टोकाखाली, चंद्रकोरीसारखा चर काढून त्यात घालून मातीने बुजवावे.

वणव्याचे भय चंदगड-आजऱ्यात सगळ्यांनाच माहीत आहे. पंधरा वर्षांचा आराखडा एका दुपारी संपतो. जानेवारी संपण्याआधी बागेच्या कडेने किमान तीन मीटर रुंदीचा जाळपट्टा गवत काढून साफ करावा. पट्ट्या पडलेल्या बागेत हे काम कुणाचे, हा प्रश्न येतोच.

काही तरुण मुले विचारतात, काजूऐवजी सफरचंद लावले तर? हल्ली हरिमन-९९, अ‍ॅना अशा कमी थंडीच्या जातींची रोपे आपल्याकडेही विकली जातात. नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात, या जातींना त्याहून बरेच कमी. हौसेने परसात चार झाडे लावावीत. चालती काजूबाग तोडून मात्र लावू नये, आपला पाऊस त्या झाडाचा नाही. सफरचंदवाल्यांकडून शिकण्यासारखे आहे ते वेगळे. शिमल्याजवळच्या कोटगढला अमेरिकेहून येऊन स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये डेलिशस जातीची लागवड केली. त्या पट्ट्यातल्या घरांत आज तिसरी-चौथी पिढी बाग पाहते आहे. तिथेही जुनी झाडे म्हातारी झाली आणि जुन्याच खड्ड्यात लावलेली नवी रोपे खुरटतात असा अनुभव आला, कारण जुन्या मुळांबरोबर त्या मातीत बुरशी आणि सूत्रकृमी साठलेले असतात. म्हणून आता जुनी मुळे काढणे, जागा सरकवणे, काही काळ जमीन मोकळी ठेवणे आणि एम-९ सारख्या बुटक्या खुंटावर दाट लागवड करणे, हे तिथे टप्प्याटप्प्याने चालले आहे. झाड वेगळे, हवा वेगळी, पण सगळी बाग एकदम न मोडण्याचे शहाणपण तेच.

आता पैशांचे. बाग सामाईक ठेवायची तर तोंडी भरवशावर ठेवू नये. मुद्रांकावर करार लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. त्यात निदान एवढे हवे : बाग कोण पाहणार, त्याची वर्षाची मजुरी किती, कोणता भाग कोणत्या साली नवा होणार, आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा आधी भावकीत कोणत्या पद्धतीने किंमत ठरवून द्यायचा. पैशांचा क्रम असा ठेवावा. विक्रीतून आधी खत, औषध, वेचणीचा खर्च वजा. मग बाग पाहणाऱ्याची मजुरी. मग नूतनीकरणाची रक्कम, दहा टक्के धरली तरी चालेल, वेगळ्या बँक खात्यात, दोघांच्या सहीने निघणारी. उरेल ते हिश्शांप्रमाणे. बाग पाहणाऱ्याच्या मजुरीवरून बहुतेक घरे फुटतात. गावात राहून पहाटे वेचणीला जाणारा भाऊ आणि वर्षातून एकदा येणारा भाऊ यांना सारखा वाटा दिला तर गावातला भाऊ तिसऱ्या वर्षी लक्ष काढून घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. त्याची मजुरी आधी वेगळी काढली की वाटा सारखा ठेवायला कुणाची हरकत राहत नाही. बी विकताना वजनाची पावती त्याच दिवशी सगळ्या हिस्सेदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर जावी.

बहिणींबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. वाटणीच्या वेळी घाईघाईने हक्कसोडपत्रावर सही घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ते पत्र नोंदणीकृत नसेल तर पुढे टिकत नाही, आणि दाबून घेतलेले असेल तर न्यायालयात दावा उभा राहतो व त्या काळात बागेला कुणीच हात लावत नाही. उत्पन्न वाटायचे ठरले तर बहिणीचा वाटा देणे सोपे होते. तिला वीस गुंठ्यांची पट्टी घेऊन करायचे काय, हा प्रश्नच उरत नाही. तिचे नाव सातबाऱ्यावर राहावे आणि तिचा हिस्सा दरवर्षी तिच्या खात्यात जावा.

कागदांत दिरंगाई नको. मूळ मालक वारल्यावर वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ई-पीक पाहणीत बाग ‘काजू’ म्हणून, खऱ्या क्षेत्रासह नोंदलेली हवी. पुष्कळ बागांच्या सातबाऱ्यावर आजही ‘पड’ किंवा ‘गवत’ आहे. चंदगड-आजऱ्यात हत्तींनी किंवा गव्यांनी झाडे मोडली, वणवा लागला, तर पंचनाम्याला आलेला माणूस आधी तोच कागद पाहतो. शेवटी वाटणी करायचीच ठरली तर महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करण्याआधी मोजणीदाराला उभ्या पट्ट्यांऐवजी सलग तुकडे पाडायला सांगावे. एकाला वरचा तुकडा, एकाला खालचा, आणि मातीतला फरक भातखाचरात किंवा रोख भरून काढावा. पाणंदीपर्यंतची वाट, विहीर आणि बी वाळवायचे खळे सामाईक म्हणून नकाशावर दाखवावे.

कृषी विभागाला एक विनंती. राज्याच्या काजू फळपीक विकास योजनेत कोकणाबरोबर चंदगड आणि आजरा हे दोन तालुके धरलेले आहेत. मग फुंडकर योजनेतही या तालुक्यांना कोकणाप्रमाणे दहा गुंठ्यांची किमान मर्यादा लागू करावी. जुन्या फळबागांच्या पुनरुज्जीवनाचे अनुदान टप्प्याटप्प्याने, म्हणजे एकाच बागेला पाच वेळा, घेता येईल अशी सोय करावी. आज अनुदानासाठी एकदम क्षेत्र दाखवावे लागते आणि त्यासाठीच लोक एकदम बाग तोडतात. सामाईक खात्याच्या संमतीपत्राचा छापील नमुना तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ठेवला तरी मोठे काम होईल.

या पावसाळ्यात पहिला टप्पा घेणाऱ्यांनी कलमांची नोंदणी आतापासून करावी. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची कलमे लवकर संपतात. परवानाधारक रोपवाटिकेतून घेताना जातीचे नाव बिलावर लिहून घ्यावे. सांधा एकजीव झालेला असावा, वरची काडी आणि खालचा खुंट सारख्या जाडीचे असावेत, सांध्याखाली फुटवा नसावा आणि पिशवीच्या तळातून मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली नसावीत. दोन जाती निम्म्या-निम्म्या घ्याव्यात, म्हणजे एका जातीचा मोहोर धुक्यात सापडला तरी दुसरीचा हाती लागतो. ऐंशी झाडांच्या जागेसाठी नव्वद कलमे आणावीत. उरलेली दहा मोठ्या पिशव्यांत भरून सावलीला ठेवली तर सप्टेंबरमध्ये मेलेल्यांच्या जागी लावता येतात.

आपले,
काजू बागायतदार,
ता. आजरा, जि. कोल्हापूर